व्हाळावरचा पंप आणि काळं ऑइल: कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

बंधारा डिसेंबरातच बांधून झाला. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून व्हाळ (ओढा) अडवला की एप्रिलअखेरपर्यंत पाणी पुरतं. बाग कुडाळ तालुक्यात, व्हाळाच्या काठावर: माड, पोफळी, मधे केळी. शिपणं आठवड्यातून दोनदा, दर खेपेला दोन तास. वीज विहिरीपर्यंत आहे, व्हाळापर्यंत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी पेट्रोलवर चालणारा दोन इंची पाण्याचा पंप घेतला. १६३ सीसी, साडेपाच हॉर्सपॉवर, फोर-स्ट्रोक.

हंगाम सुरू करण्याआधी ऑइल बदललं. जुनं निघालं ते काजळासारखं, आणि पाण्यासारखं पातळ. बादलीत पडताना धार तुटत होती. वाटलं, गेल्या वर्षीचं आहे, असणारच. नवीन १०डब्ल्यू-३० ऑइल घातलं. पुस्तिकेप्रमाणे ०.६ लिटर लागतं.

जुनं मोजलं नाही. ती चूक पुढे महिनाभर भोवली.

९ जानेवारी

चार तास चालवून डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहायची काडी) बाहेर काढली. ऑइल काळं. चार तासांत! माझ्या मोटरसायकलचं हजार किलोमीटरनंतरही एवढं होत नाही.

पातळी वरच्या खुणेच्याही थोडी वर दिसली. या इंजिनात डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. मी सवयीने आटे फिरवले, म्हणून जास्त दिसली असणार, असं मनाशी ठरवलं. शिवाय पंप व्हाळाच्या उतारावर जरा कलता बसलेला. दोन कारणं हाताशी असली की तिसरं कोण शोधतो.

काकांना दाखवलं. ते म्हणाले, "ऑइल काळा जातलाच रे. तेचा कामच ता." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ऑइलमध्ये डिटर्जंट असतो. तो कार्बन खरवडून स्वतःत धरून ठेवतो, आणि त्यानेच रंग बदलतो. पण चार तासांत?

पहिला संशय ऑइलवर. डबा सीलबंद होता, पण मनात आलंच. वहीच्या कागदावर दोन थेंब टाकले, एक डब्यातल्या उरलेल्या ऑइलचा, एक इंजिनातला. डब्यातला मधाच्या रंगाचा, समान पसरलेला. इंजिनातल्याला मध्ये काळा ठिपका, भोवती राखाडी कडं, आणि त्याच्याही बाहेर रुंद, तेलकट, जवळजवळ बिनरंगी कडं. हे बाहेरचं कडं का, कळलं नाही. वहीत तसंच चिकटवून ठेवलं.

दुसरा संशय पाण्याचा. व्हाळाकाठी धुकं असतं, रात्री दव पडतं. ऑइलमध्ये पाणी शिरलं तर ते दुधट, कॉफीसारखं होतं, आणि गरम तव्यावर थेंब टाकला की तडतडतं. काकूचा जुना तवा मागून घेतला. तडतड नाही, नुसता धूर. पाणी नाही. काकूने तवा परत घेतला नाही.

१२ जानेवारी

तिसरा संशय जुन्या गाळाचा. या इंजिनाला ऑइल पंप नाही, ऑइल फिल्टरही नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला चमच्यासारखी एक जीभ असते. ती दर फेरीला ऑइलमध्ये बुडते आणि शिंतोडे उडवते. त्या शिंतोड्यांवरच पिस्टन, कॅम, गिअर, सगळं जगतं. म्हणजे घाण एकदा आत आली की बदलेपर्यंत आतच. आणि ड्रेन बोल्ट एका बाजूला असल्याने कलतं न करता काढलं तर थोडं जुनं आत राहतंच.

गावातल्या एकाने सल्ला दिला, अर्धा लिटर डिझेल घालून पाच मिनिटं चालव, चकाचक होईल. नको. शिंतोड्यांवर चालणाऱ्या इंजिनात डिझेलचे शिंतोडे उडवायचे म्हणजे बेअरिंगच्या जागी धातूवर धातू घासणार.

साधा मार्ग घेतला. इंजिन दहा मिनिटं चालवून गरम केलं, बंद केलं, ड्रेन बोल्टच्या बाजूला कलवून वीस मिनिटं निथळू दिलं. बोल्टचा वॉशर नवा. परत ०.६ लिटर.

१९ जानेवारी

चार तास. काळं. आता मलाच राग आला.

शिवाय इंजिन मध्येच धूर टाकायला लागलंय. सुरू करताना निळसर, भाराखाली काळपट.

पंप डिकीत घालून बाजारातल्या मिस्त्रीकडे नेला. त्याने स्पार्क प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं यंत्र) लावून दोरी चार वेळा ओढली, काटा पाहिला, आणि निकाल दिला: पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेला, नवं इंजिन घेतलेलं परवडेल. दोन हंगामांत मिळून दीडशे तासही न चाललेलं इंजिन.

मला एक गोष्ट खटकली. या इंजिनांच्या कॅमशाफ्टवर डिकॉम्प्रेशनची सोय असते. दोरी ओढताना हाताला झटका बसू नये म्हणून मंद वेगाला एक छोटं वजन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उचलून धरतं. म्हणजे दोरी ओढून घेतलेलं कॉम्प्रेशन कमीच दिसणार, नव्या इंजिनातही. त्या काट्यावर बोअर फाशी देता येत नाही. मिस्त्रीला हे बोललो नाही. पंप घेऊन आलो.

२१ जानेवारी

घरची चाचणी. जुन्या स्पार्क प्लगची चिनीमाती फोडून काढली, आत स्कूटरच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह ब्रेझ करून बसवला. तो प्लगच्या जागी घट्ट बसवून पंप पंक्चरवाल्याकडे नेला. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून हवा सोडायची, साधारण ३० पीएसआय, आणि कान लावून ऐकायचं. पिस्टन अगदी टोकाला नसेल तर हवेच्या दाबाने फ्लायव्हील गर्रकन फिरतं, म्हणून बोटं लांब ठेवायची. माझं एकदा फिरलं.

सायलेन्सरमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आला तर इनटेक, आणि ऑइल भरायच्या भोकातून आला तर रिंगा. सायलेन्सरमधून बारीक फुसफुस. ऑइलच्या भोकातून अगदी हलकी, चांगल्या इंजिनातही येते तेवढी. रिंगा गेलेल्या नाहीत.

टॅपेट (व्हॉल्व्हशी ठेवायची फट) तपासले. थंड इंजिनात इनटेक ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.२० मिमी हवं. इनटेक बरोबर होतं. एक्झॉस्टला ०.१० चं फीलर गेजही (फट मोजायची पत्ती) अडत होतं. सेट केलं. फुसफुस गेली. पण याने ऑइल काळं होण्याचा उलगडा होत नाही.

२६ जानेवारी

सुट्टी. सकाळी एअर फिल्टर उघडला आणि तोंडात शिवी आली. कागदाचा फिल्टर ऑइलने ओलाचिंब. बाहेरच्या फोमचं तर स्पंज झालेलं, पिळला तर काळं टपकलं. प्लग काढला: कोरडी, मऊ, काळी काजळी. म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी.

हे जुळतंय असं वाटलं. फिल्टर तुंबला की इंजिनाला हवा मिळत नाही, अर्धा चोक ओढून चालवल्यासारखं होतं. पेट्रोल पुरतं जळत नाही, काजळी होते, ती रिंगांच्या फटीतून खाली उतरते. ऑइल काळं!

नवा फिल्टर. फोम साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, वाळवून, ऑइलचे थेंब टाकून, पिळून बसवला. एअर बॉक्स पुसला. एक तास चालवला. आवाज मोकळा, धूर नाही, प्लग विटकरी.

रात्री वहीत "सुटलं" असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. त्या रेघा अजून आहेत.

फक्त एक प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता: फिल्टरमध्ये ऑइल आलं कुठून?

२ फेब्रुवारी

मंगळवारी शिपणं झाल्यावर कामासाठी मुंबईला गेलो होतो. पंप चार-पाच दिवस बंद. आज सुरू करण्याआधी डिपस्टिक सोडवली, तर भोकातून ऑइल बाहेर वाहिलं. नुसतं ओघळलं नाही, बुटावर धार.

पंप या वेळी सपाट फळीवर होता. आटे फिरवले नव्हते. माझी दोन्ही कारणं संपली.

बोट बुडवून हुंगलं. पेट्रोल. स्पष्ट, पेट्रोल पंपावर उभं राहिल्यासारखा वास.

दोरीला हात लावला नाही. क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या भागात, पेट्रोलची वाफ भरलेली असताना ठिणगी टाकायची नसते. आणि मग आठवलं की ९ तारखेला असाच थेंब मी गरम तव्यावर टाकला होता, चुलीजवळ. काकूला अजून सांगितलेलं नाही.

सगळं काढून मोजलं. १२ तारखेला ६०० मिली घातलेलं. निघालं ८३० मिली, शिवाय बुटावरचं वेगळं. म्हणजे पाव भागाहून जास्त पेट्रोल. वहीतला जुना ठिपका काढून पाहिला: बाहेरचं ते रुंद बिनरंगी कडं पेट्रोलचंच होतं. पुरावा तीन आठवडे चिकटवून ठेवला होता मी.

आता साखळी उलटीकडून वाचता येते. पेट्रोल ऑइलमध्ये उतरलं, पातळी वाढली. चमचा बुडण्याऐवजी सगळं घुसळायला लागला, फेस झाला. क्रँककेसचा दाब बाहेर काढणारी ब्रीदरची नळी एअर बॉक्समध्ये उघडते. तिथून फेसासकट ऑइल फिल्टरवर आलं. फिल्टर भिजला, हवा अडली, काजळी झाली, ऑइल काळं पडलं. मी साखळीची शेवटची कडी पकडून महिनाभर ओढत होतो.

३ फेब्रुवारी

पेट्रोल आत येतं कसं? टाकी कार्बोरेटरच्या वर. पेट्रोल नुसतं उताराने येतं. त्याला अडवणारे दोनच पहारेकरी: टाकीखालचा कॉक, आणि कार्बोरेटरच्या वाटीतली फ्लोटची सुई. वाटी भरली की फ्लोट वर उचलला जातो आणि सुई भोक बंद करते. सुई नीट बसली नाही तर वाटी ओसंडते, पेट्रोल घशात येतं. त्या वेळी इनटेक व्हॉल्व्ह उघडा असेल तर थेट सिलिंडरमध्ये, तिथून रिंगांच्या फटीतून खाली. व्हॉल्व्ह बंद असेल तर एअर बॉक्समधून जमिनीवर ठिबकतं. इंजिन कुठल्या टप्प्यावर थांबलं यावर सगळं अवलंबून. म्हणून कधी व्हायचं, कधी नाही.

एअर बॉक्स काढून, कॉक उघडा ठेवून टॉर्च लावून बसलो. अठराव्या मिनिटाला घशात, मधल्या पितळी नळीच्या तोंडाशी, एक थेंब जमला. मग दुसरा.

कार्बोरेटर खोलला. वाटीच्या तळाला पांढरट-हिरवट चिखल आणि पाण्याचा एक गोळा. पेट्रोल पंपावर मिळतं ते आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. आपल्याच घाटावरचा ऊस त्यात असतो म्हणायचं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. कोकणात, व्हाळाकाठी, अर्ध्या भरलेल्या टाकीत त्याला ओल कमी पडत नाही. पावसाळ्याचे चार महिने मी टाकी रिकामी केली नव्हती, हेही लिहून ठेवतो.

फ्लोट कानाशी हलवून पाहिला, आत पेट्रोल शिरलेलं नाही. सुईच्या रबरी टोकावर मात्र गोल खाच पडलेली, नखाला लागते. कार्बोरेटर उलटा धरून नळीतून फुंकलं. फ्लोटच्या वजनाने सुई बंद होऊन फुंकर अडायला हवी. माझी आरपार गेली.

राहिला पहिला पहारेकरी. कॉक व्यवस्थित बंद होतो. मग उघडा का राहिला? काकांना जरा तावातच विचारलं, पंप बंद केल्यावर कॉक बंद करत नाही का. ते शांतपणे म्हणाले, "तूच सांगलंस मां, बंद करू नको म्हणान."

सांगितलं होतं. डिसेंबरात पंप पहिल्या दोन-तीन ओढींत सुरू होईना, तेव्हा मीच म्हणालो होतो की कॉक उघडाच ठेवा, वाटी भरलेली राहते, लवकर सुरू होतो. पहिला पहारेकरी मीच घरी पाठवला होता.

८ फेब्रुवारी

सुई कुडाळला मिळाली नाही, सावंतवाडीला मिळाली. किंमत लिहीत नाही, नव्या इंजिनाच्या सल्ल्याशेजारी ती लिहायला लाज वाटते. सुईची पितळी बैठक कानातल्या कापसाच्या काडीने आणि कार्बोरेटर स्प्रेने पुसली. तार घालून खरवडली नाही, तिथे चरा पडला की नवी सुईही गळणार. वाटीचा रबर नवा. टाकी पूर्ण रिकामी करून धुतली, जाळी साफ केली.

पुन्हा टॉर्च. कॉक उघडा, दोन तास. थेंब नाही.

काढलेल्या ८३० मिलीत लोहचुंबक फिरवलं. किंचित काळी लव लागली, फारशी नाही. पण उन्हात पाहिलं तर ऑइलमध्ये चंदेरी चमक होती, आणि ती चुंबकाला चिकटत नव्हती. म्हणजे लोखंड नव्हे, ॲल्युमिनियम. या इंजिनात कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा असतो आणि मोठ्या टोकाला वेगळं बेअरिंग नसतं. रॉड थेट क्रँकवर फिरतो. पेट्रोलने पातळ झालेल्या ऑइलचा पडदा तिथेच आधी फाटतो. किती झीज झाली, हे बाजूचं झाकण उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि त्याच बाजूला पंप बसवलेला आहे. आत्ता नाही. बाग तहानलेली आहे.

नवं ऑइल, मापाने ६०० मिली, सपाट फळीवर.

जुनं ऑइल काकांना कुंपणाच्या खांबांना लावायला हवं होतं, वाळवीसाठी. पेट्रोल मिसळलेलं आहे आणि खांब व्हाळालगत आहेत. दिलं नाही. कॅनमध्ये भरून ठेवलंय, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला देणार. काका थोडे नाराज आहेत.

२३ फेब्रुवारी

आठ तास झाले. मुद्दाम लवकर बदललं, आत राहिलेली घाण आणि पेट्रोल निघून जावं म्हणून. निघालं ५९० मिली. वास नाही. रंग गडद तपकिरी, आणि कागदावरचा ठिपका आता एकसारखा विरत जाणारा, बाहेरचं कडं नाही. फिल्टर कोरडा.

सुरू होण्याचा जुना प्रश्न मात्र परत आला. कॉक बंद ठेवला की सकाळी सात-आठ ओढी. आता कळतंय की डिसेंबरात तोच घट्ट टॅपेट आणि तुंबायला लागलेला फिल्टर आड येत असणार. प्लगची फट पाहिली: ०.९ मिमीच्या वर गेलेली. ०.७ वर आणली. कॉक उघडून अर्धा मिनिट थांबायचं, वाटी भरू द्यायची, मग चोक. तीन ओढींत सुरू.

पंप बंद करताना आणखी एक गोष्ट करायची: कॉक बंद करून दोरी हलकेच ओढत राहायची, जड लागेपर्यंत, आणि तिथे सोडायची. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. पेट्रोल आत जाणार नाही, आणि पावसाळ्यात ओलही नाही.

३० मार्च

२० तास. पातळी तीच. काही नोंदवण्यासारखं नाही. उन्हाने पोफळी कोमेजल्यात, तो वेगळा विषय.

२७ एप्रिल

३४ तास. व्हाळ आटला. पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह गाळात जायला लागला, म्हणून पंप थांबवला. आता विहिरीवर भिस्त.

२५ मे

या वर्षी पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच आला. तीन दिवस कोसळतोय. बंधाऱ्याची वरची पोती काढायला गेलो तर व्हाळाने ती आधीच काढली होती. पंप भर पावसात ओढून वर आणला, पडवीत ठेवला.

टाकी रिकामी. वाटीचा बोल्ट सोडून तिच्यातलंही काढलं. ऑइल गरम करून काढलं, मोजलं: ५७० मिली. ३४ तासांत वीस-तीस मिली जळलं, ते चालतं. वास नाही. उन्हं नाहीत, म्हणून टॉर्चखाली चमक पाहिली. फेब्रुवारीपेक्षा बरीच कमी, पण आहे.

रंग? काळा. चांगला काळा. काकांनी पडवीतूनच डोकावून पाहिलं. "परत काळाच मां?"

मी मापाचं भांडं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी आकडा वाचला, मग वाकून हुंगलं, आणि आत चहा टाकायला सांगायला गेले.

प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल, दोरी दोनदा हलके, मग जड लागेपर्यंत. नवं ऑइल ६०० मिली. कॉक बंद. बाजूचं झाकण गणपतीनंतर उघडायचं, गॅस्केट आधीच आणून ठेवायचं.